अन्न अंगी लागते ते कोठे

मानवी पचनसंस्थेविषयी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली, तर पुढचे बरेच काही सोपे होते. ओठांपासून गुदद्वारापर्यंत गेलेला अन्नमार्ग ही दोन्ही टोकांना उघडी असलेली एकच सलग नळी आहे, आणि तिच्या पोकळीतला पदार्थ पोटात कितीही खोल गेलेला असला, तरी काटेकोर अर्थाने तो शरीराच्या बाहेरच असतो. लहान मुलाने गिळलेले नाणे काही दिवसांत बहुधा जसेच्या तसे बाहेर पडते, कारण ते शरीरात शिरलेलेच नसते. अन्नाचेही तसेच आहे. घास गिळला म्हणजे तो खाल्ला गेला एवढेच खरे. तो अंगी लागायचा तर त्यातील रेणू इतके लहान व्हावे लागतात, की आतड्याच्या आतल्या बाजूचे, जाडीने अवघ्या एका पेशीचे असलेले अस्तर त्यांना ओलांडता यावे. दात, लाळ, जठर, यकृत, स्वादुपिंड ही सारी या एका ओलांडणीची तयारी आहे, आणि ओलांडणी मुख्यतः होते ती लहान आतड्यात. म्हणून या प्रकरणात सर्व अवयवांना सारखी जागा मिळणार नाही.

ही तयारी कशी होते हे पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्याचे जेवण फार सोयीचे आहे. बालाघाटाच्या पठारावरील या भागात अलीकडे खरिपाचे बरेच रान सोयाबीनने व्यापले असले, तरी तिथले जुने जेवण बहुतांशी रब्बीच्या पिकांवर उभे आहे: ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा हरभऱ्याचे कालवण, करडईचे अथवा शेंगदाण्याचे तेल, मिरचीचा ठेचा, आणि भूम-वाशी पट्ट्यातील दुधाच्या धंद्यामुळे घरोघर परिचित असलेला खवा. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या वेळ अमावास्येला, म्हणजे लोकांच्या येळवसीला, माणसे शेतात जाऊन जेवतात, तेव्हा पानात भज्जी असते आणि भांड्यात आंबील. भज्जी म्हणजे हिरव्या शेंगांचे दाणे, कडधान्ये, पालेभाज्या आणि डाळीचे पीठ यांचे घट्टसर कालवण. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आंबवून शिजवलेले आणि ताकात सरसरीत केलेले पेय. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, मेद, दुधातील साखर आणि न पचणारे तंतू हे सगळे या एका पंगतीत एकत्र येतात.

त्याच ज्वारीचे कणीस खळ्यावर जाते आणि ताटे कडबा म्हणून गोठ्यात. दाण्यातील स्टार्च आणि ताटातील सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोज नावाच्या एकाच साखरेच्या लांबलचक साखळ्या आहेत. फरक आहे तो ग्लुकोजचे रेणू एकमेकांना कोणत्या बाजूने जोडले गेले एवढाच. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या, पण त्या क्रियेत स्वतः खर्च न होणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात. स्टार्चमधील बंध तोडणारी विकरे माणसाजवळ भरपूर आहेत, सेल्युलोजमधील बंध तोडणारे एकही नाही. गंमत अशी की ते गाईजवळ किंवा या जिल्ह्याचे जुने नाव मिरवणाऱ्या उस्मानाबादी शेळीजवळही नाही. शेळीच्या चार कप्प्यांच्या जठरातील पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, रवंथ करून बारीक झालेला कडबा तेच आंबवतात, आणि त्यातून निघालेली आम्ले शोषून शेळी जगते. भाडेकरू सूक्ष्मजीव माणसाच्या आतड्यातही आहेत, पण ते नळीच्या पार शेवटी. या जागेच्या फरकाचे परिणाम पुढे दिसतील.

पचन तव्याच्याही आधी, पीठ मळताना सुरू होते असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. कच्च्या दाण्यातील स्टार्चचे कण घट्ट बांधणीचे असल्याने विकरांना सहज दाद देत नाहीत; पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते, म्हणून भाकरीची सारी भिस्त या चिकटपणावर असते, आणि विरी गेलेल्या जुन्या पिठाची भाकरी थापताना फाटू लागली की घरची बाई पीठ उकळत्या पाण्यात मळते ती याच कारणाने. तव्यावर आणि मग आरावर भाजून भाकरी फुगते तेव्हा तिच्यातील बराचसा स्टार्च विकरांसाठी मोकळा झालेला असतो.

तोंडात दात घास बारीक करतात आणि लाळ त्याला ओला करते. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत, कानांच्या पुढे-खाली, जबड्याखाली आणि जिभेखाली. त्यांतून दिवसाकाठी साधारण एक ते दीड लिटर लाळ पाझरते. तिच्यातील अमायलेज हे विकर स्टार्चच्या साखळ्या तोडून त्यांतून दोन ग्लुकोजची माल्टोज ही साखर आणि इतर आखूड तुकडे बनवते, त्यामुळे भाकरीचा घास पुष्कळ वेळ चघळला तर किंचित गोड लागू लागतो. ठेच्याचे मात्र तोंडात काही पचत नाही. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णतेची वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहींना चेतवते, म्हणून तिखट हे चवीपेक्षा भाजण्याच्या संवेदनेला जवळचे आहे. हा ग्राही डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ओळखला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तसेच ग्राही अन्नमार्गाच्या दुसऱ्या टोकालाही आहेत आणि कॅप्सायसिनचा काही भाग तिथपर्यंत तसाच पोहोचतो, याचा अनुभव ठेचा खाणाऱ्यांना सांगायला नको.

गिळण्याची सुरुवात माणसाच्या इच्छेने होते, पण घास घशाच्या मागच्या भागात पोहोचला की पुढचे सारे आपोआप घडते: श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरील झाकण खाली झुकते आणि घास श्वासनलिका टाळून अन्ननलिकेत उतरतो. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या या स्नायुमय नळीत घासामागचा भाग आकसतो आणि पुढचा सैल पडतो, आणि ही लाट खाली सरकत जाते. तिला क्रमसंकोच म्हणतात. घास केवळ वजनाने खाली पडत नसल्यामुळे आडवे पडूनही गिळता येते. अन्ननलिकेत पचन होत नाही, शोषणही होत नाही, त्यामुळे तिच्याविषयी अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

जठराची गोष्ट वेगळी. रिकामे असताना मुठीएवढे दिसणारे हे पिशवीवजा इंद्रिय जेवणानंतर सहज एक ते दीड लिटर अन्न सामावून घेते, कारण अन्न येऊ लागताच त्याचा वरचा भाग सैल पडतो. याच्या आत काय चालते हे पुष्कळ काळ तर्काचा विषय होते. १८२२ साली उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला, तो वाचला, पण जखम बाहेरून जठरात उघडणाऱ्या छिद्राच्या रूपाने कायम राहिली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले मांस, भाजी, भाकर आत सोडून आणि ठरावीक वेळाने ओढून काढून कित्येक वर्षे निरीक्षणे केली आणि १८३३ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या काळी परावलंबी रुग्णाला असे प्रयोगाचे साधन करण्यात आज कोणालाही खटकावे असे बरेच होते. पण जठरातील रस बाटलीत काढून ठेवला तरी तो मांस विरघळवतो, म्हणजे पचन ही रासायनिक क्रिया आहे, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

तो रस दिवसाला सुमारे दोन ते अडीच लिटर तयार होतो. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात, बहुतेक जंतू मरतात आणि पेप्सिन हे विकर कामाला लागते. पेप्सिन पेशींमधून निष्क्रिय रूपात बाहेर पडते आणि आम्लाच्या सान्निध्यात सक्रिय होऊन प्रथिनांच्या साखळ्यांचे तुकडे करते. मग ज्या जठरात मांस विरघळते ते जठर स्वतः का विरघळत नाही? त्याच्या अस्तरावर श्लेष्माचा जाड थर असतो, त्या थरात आम्ल मारणारे बायकार्बोनेट झिरपत असते, आणि अस्तराच्या पेशी थोड्या-थोड्या दिवसांनी झडून त्यांच्या जागी नव्या येतात. या बंदोबस्ताला खिंडार पडले की व्रण होतो, ज्याला लोक अल्सर म्हणतात. त्याचा दोष अनेक पिढ्या तिखटाला आणि काळजीला देण्यात आला. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की बहुसंख्य व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात टिकून राहणारा जिवाणू असतो. मार्शल यांनी १९८४ साली तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला होता, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हे व्रणाचे दुसरे मोठे कारण. ठेच्याने जळजळ वाढते हे खरे, पण व्रणाचे मूळ तो नाही.

ज्वारीचे प्रथिन मात्र पेप्सिनलाही जड जाते. ज्वारीतील मुख्य प्रथिनाला काफिरिन म्हणतात. ते दाण्यात लहान गोळ्यांच्या रूपात साठलेले असते आणि पाण्यात शिजवताना त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींत आणखी अडकतात, परिणामी शिजवलेल्या ज्वारीचे प्रथिन कच्च्या ज्वारीपेक्षा कमी पचते. तांदूळ, गहू, मका यांच्या बाबतीत असे फारसे होत नाही. पेरू देशातील कुपोषणातून सावरणाऱ्या बालकांवर केलेल्या आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्वारीच्या लापशीतील नायट्रोजनचा निम्म्याहून कमी भाग शोषला गेल्याचे आढळले. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून पदार्थ करतात, त्यांत ही घट बरीच भरून निघते असेही प्रयोगांत दिसले. येळवसीची आंबीलही आंबवलेल्या ज्वारीचीच, आणि ती केवळ चवीपुरती नाही असे मानायला यामुळे आधार मिळतो. शिवाय ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल तुटपुंजे असते, ते तुरीत आणि हरभऱ्यात पुरेसे असते. डाळींत कमी असलेले मेथिओनिन धान्य पुरवते. भाकरी आणि डाळ एकत्र खाण्याची रीत पोषणाच्या हिशेबात अचूक बसते.

जठरात साधारण दोन ते चार तास घुसळून अन्नाची पातळ लापशी झाली, की तिला अन्नरस म्हणतात. ती जठराच्या खालच्या झडपेतून थोडी-थोडी करून पुढे सोडली जाते, आणि जेवण जितके तेलकट, तितका हा वेग मंद. पुढे असते लहान आतडे. जिवंत माणसात ते साधारण तीन ते पाच मीटर भरते; मृत्यूनंतर स्नायूंचा ताण सुटतो, त्यामुळे शवविच्छेदनावर बेतलेल्या जुन्या पुस्तकांत ते सहा-सात मीटर दिलेले असते. त्याचा पहिला, सुमारे २५ सेंटिमीटरचा, इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला भाग म्हणजे आद्यांत्र; नंतर मध्यांत्र आणि शेवटी शेषांत्र.

आद्यांत्रात आम्लयुक्त लापशी शिरताच स्वादुपिंडाने तिथे क्षारधर्मी रस सोडला पाहिजे, नाहीतर आतड्याचे अस्तर पोळेल. ही वर्दी स्वादुपिंडाला मिळते कशी? मज्जातंतूंकडून, असे इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रभावामुळे त्या काळी मानले जाई. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सारे मज्जातंतू तोडले आणि तिथे आम्ल सोडले. स्वादुपिंडातून रस तरीही वाहिला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात वाटले आणि तो अर्क रक्तात टोचला, तेव्हाही तसेच झाले. निरोप रक्तातून जात होता. अस्तरातून सुटणाऱ्या त्या पदार्थाचे नाव सिक्रेटिन, आणि रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा पदार्थांना आज संप्रेरके म्हणतात; इन्सुलिन, थायरॉक्सिन यांच्यासह या साऱ्या वर्गाची संकल्पना अशी आतड्याच्या अभ्यासातून जन्मली.

जठरामागे आडवे पसरलेले स्वादुपिंड दिवसाला सुमारे दीड लिटर रस देते, आणि त्यात स्टार्च, प्रथिने आणि मेद या तिन्हींवर चालणारी विकरे असतात. प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन हे विकर स्वादुपिंडात निष्क्रिय असते आणि ते जागे करणारा पदार्थ असतो आतड्याच्या अस्तरात, म्हणजे ठिणगी आणि दारू दोन वेगळ्या घरांत ठेवलेली. ट्रिप्सिन स्वादुपिंडातच जागे झाले तर ती ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते; पित्ताचे खडे आणि दारूचे व्यसन यांमुळे होणारा स्वादुपिंडाचा तीव्र दाह इतका घातक असतो तो यामुळेच.

करडईच्या तेलाचे प्रकरण वेगळ्या अडचणीचे आहे. पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते, जे शरीराला अत्यावश्यक असून स्वतः बनवता येत नाही. पण तेल पाण्यात मिसळत नाही आणि विकरे पाण्यात वावरतात. इथे यकृत मदतीला येते. यकृतात दररोज अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार होतो, जेवणांच्या मधल्या काळात तो पित्ताशयात साठून दाट होतो, आणि मेद आद्यांत्रात पोहोचल्याची वर्दी दुसऱ्या एका संप्रेरकाने दिली की पित्ताशय आकसून तो सोडते. पित्तखडे असलेल्या माणसाला तळलेले खाल्ल्यावर कळ येते ती या आकसण्याची. पित्तातील क्षारांचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरणारे असल्याने तेलाच्या थेंबांचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि त्यांवर लायपेज विकर काम करते. पित्तात पचनाचे एकही विकर नाही, आणि तरीही त्याच्यावाचून मेद पचत नाही. वापरलेले पित्तक्षार शरीर वाया घालवत नाही. शेषांत्राच्या अखेरीस त्यांतील सुमारे ९५ टक्के परत शोषले जाऊन यकृताकडे जातात आणि दिवसातून अनेकदा फेऱ्या मारतात.

आता ती भिंत. लहान आतड्याच्या आतील बाजूस आडव्या घड्या असतात, त्या घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात, ज्यांना उद्वर्ध म्हणतात, आणि प्रत्येक उद्वर्धावरील प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्मदर्शकातूनच दिसतील असे हजारो सूक्ष्म उद्वर्ध. या रचनेमुळे शोषणाचे क्षेत्रफळ किती वाढते याविषयी टेनिसच्या मैदानाएवढे, दोन-तीनशे चौरस मीटर, असे आकडे पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापले जातात. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी काळजीपूर्वक मोजमाप करून ते सुमारे ३० चौरस मीटर असल्याचे दाखवले. तेही थोडे नाही. या भिंतीच्या पेशी उद्वर्धांच्या तळाशी जन्मतात, वर सरकत जातात आणि तीन ते पाच दिवसांत माथ्यावरून झडून पडतात. वेगाने विभागणाऱ्या पेशी मारणारी कर्करोगाची औषधे घेताना जुलाब होतात, त्याला ही पेशींची धावपळच कारण.

शेवटची तोड या पेशींच्या माथ्यावरच होते. माल्टोज, उसाची साखर, दुधातील लॅक्टोज यांचे एकेरी साखरेत रूपांतर करणारी विकरे पेशीच्या पटलातच रुतलेली असतात. लॅक्टोज तोडणारे लॅक्टेज जगातील बहुसंख्य माणसांत बालपणानंतर घटत जाते. काही समाजांत मात्र एका जनुकीय बदलामुळे ते आयुष्यभर टिकते, आणि भारतात उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना अशा लोकांचे प्रमाण साधारणतः कमी होत जाते. गाईचे सुमारे पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा पडतो. पाणी उडून जाते, पण लॅक्टोज मागे राहते, त्यामुळे २५ ग्रॅम खव्यात ते पाच-सहा ग्रॅम भरते. लॅक्टेज कमी असलेल्या माणसालाही एवढे बहुधा सोसते, पाव किलो मात्र सोसत नाही. दह्या-ताकातील जिवाणूंनी लॅक्टोज अंशतः आधीच वापरलेले असते आणि त्यांचे स्वतःचे लॅक्टेज आतड्यातही थोडे काम करते, म्हणून दूध न सोसणारे कित्येक जण ताक बिनघोर पितात.

ग्लुकोज पेशीत शिरते ते एकटे नव्हे. त्याला आत नेणारे प्रथिन प्रत्येक वेळी त्याच्यासोबत सोडियम, म्हणजे मिठातील एक घटक, आत ओढते, आणि या दोहोंच्या मागोमाग पाणी येते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली, तेव्हा ती प्रयोगशाळेतील बारकावा वाटली असती. कॉलऱ्यात आणि इतर अनेक जुलाबांत आतडे पाणी बाहेर टाकत असते, पण हा दरवाजा शाबूत राहतो. म्हणून नुसते पाणी पाजून जे साधत नाही, ते साखर आणि मीठ घातलेल्या पाण्याने साधते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पिंपांतून वाटले आणि त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. वाशीच्या पश्चिमेला जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात फारसे न शिकलेल्या किंवा निरक्षर महिला आरोग्यसेविका हे पाणी करायला गावोगावच्या आयांना शिकवत. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ: उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात आतड्याच्या शरीरक्रियेचे याहून मोलाचे ज्ञान दुसरे नसेल. प्रमाण चुकून साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यातच पाणी खेचते, हे सांगितल्याशिवाय मात्र ते ज्ञान पुरे होत नाही.

अमिनो आम्ले आणि साखर भिंत ओलांडून उद्वर्धातील केशवाहिन्यांत जातात. मेदाचे तुकडे पेशीत शिरल्यावर पुन्हा जोडले जातात, त्यांवर प्रथिनांचे वेष्टन चढते आणि ते लसिकावाहिन्यांत, म्हणजे रक्ताहून वेगळ्या, दुधाळ दिसणाऱ्या द्रवाच्या नळ्यांत उतरून छातीतून वर जात मानेच्या मुळाशी रक्तात मिसळतात. साखर आणि अमिनो आम्लांना ही आडवाट नाही. आतड्यातून निघालेले रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जाते. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत जास्तीचे ग्लुकोज ग्लायकोजेन या रूपात साठवते, अन्नाबरोबर आलेली विषे निकामी करते, अमिनो आम्लांतून सुटलेल्या अमोनियाचा युरिया करते, आणि मगच ते रक्त हृदयाकडे सोडते.

ब-१२ जीवनसत्त्वाची वाट सर्वांत लांबची. जठरातून स्रवणारे एक प्रथिन त्याला धरते आणि ही जोडगोळी थेट शेषांत्राच्या शेवटच्या टप्प्यावरच शोषली जाते. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. शेळीचे जिवाणू आतड्याच्या आधी, जठरात राहतात, त्यामुळे त्यांनी बनवलेले ब-१२ तिला मिळते आणि तिच्या दुधा-मांसातही उतरते. माणसाचे जिवाणू राहतात मोठ्या आतड्यात, म्हणजे शोषणाची जागा मागे पडल्यावर, आणि त्यांचे ब-१२ वाया जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. दूध विकून चहापुरते घरी ठेवणाऱ्या शाकाहारी घरांत ही कमतरता कशी उद्भवते, हे यावरून उमगावे.

दिवसभरात प्यालेले पाणी आणि सगळे पाचक रस मिळून लहान आतड्यात सुमारे नऊ लिटर द्रव येतो. त्यातील सात-आठ लिटर तिथेच शोषला जातो आणि उरलेला एक-दीड लिटर मोठ्या आतड्यात जातो. सुमारे दीड मीटर लांबीचे हे आतडे उजव्या कुशीत खाली सुरू होते, तिथेच त्याला अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ लटकलेले असते, आणि वर, आडवे, खाली असे पोटाला वळसा घालून ते मलाशयाला मिळते. पाणी आणि क्षार शोषणे हे त्याचे काम. त्याहून रंजक आहे ती त्याची वस्ती. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असल्याचा अंदाज २०१६ साली मांडला गेला आणि त्यांतील बहुतेक इथे असतात. सर्वांचे मिळून वजन मात्र पाव किलोच्या आतच.

भज्जीतील शेंगा आणि डाळी यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारे विकर माणसात नाही, म्हणून त्या तशाच इथवर येतात. जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. येळवसीच्या संध्याकाळी पोटात गुडगुडते ते यामुळे. न पचलेले लॅक्टोज आणि भाकरीतील कोंड्याच्या तंतूंचा काही भाग यांचेही तेच होते. वायू हा या व्यवहाराचा किरकोळ भाग असून आंबवण्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक अशी आम्ले निघतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः ब्युटिरिक आम्लावर जगतात. शेळी ज्या मार्गाने पूर्ण पोट भरते, त्या मार्गाने माणूसही थोडेसे मिळवतो.

उरलेला मल जेवणानंतर एक ते तीन दिवसांनी बाहेर पडतो. त्यात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असते. कोरड्या भागाचा चौथा हिस्सा ते निम्मा भाग जिवाणूंचा, बाकीचे न पचलेले तंतू, थोडा मेद आणि आतड्याच्या झडलेल्या पेशी. रंग येतो तो जुन्या तांबड्या पेशींतील रंगद्रव्याच्या अवशेषांमुळे, जे पित्तातून आलेले असतात. जठर भरले की मोठ्या आतड्याला चालना मिळते, म्हणून सकाळच्या चहा-न्याहारीनंतर अनेकांना शौचाची भावना होते. मलाशय ताणले गेले की आतली झडप आपोआप सैल होते, पण बाहेरची माणसाच्या इच्छेत असते आणि ती आवळून वेळ टाळता येते. वाशी, भूम, कळंब आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांना फडाजवळच्या कोप्यांवर संडासाची सोय नसल्याने अंधार पडेपर्यंत हेच करावे लागते. थोपवलेला मल मलाशयातून वर सरकतो, तिथे त्यातील पाणी आणखी शोषले जाते, मलाशयाच्या भिंतीची ताणाची जाण हळूहळू बोथट होते, आणि मग जागा मिळाली तरी वेग येत नाही.